दाराजवळचा श्री

नमुना मोडला तेव्हा मी चहा पीत होते, आणि खरं सांगायचं तर भीती वगैरे काही वाटली नाही. राग आला. रिगवरचा आर्म दिवाळी ओलांडून जायला हवा होता आणि आत्ता कुठे गणपती गेले होते.

रिग म्हणजे आर्मला न थांबता वरखाली वाकवत बसणारं यंत्र. आणि आर्म म्हणजे उडत्या रुग्णवाहिकेचा हात. या रुग्णवाहिकेला सहा पंखे असतात आणि प्रत्येक पंखा एकेका आर्मच्या टोकाला बसवलेला असतो. ते सहाही आर्म आमच्या कोल्हापूरच्या फौंड्रीत ओतले जातात. फौंड्री सासऱ्यांनी उभी केली, धंदा नवरा बघतो, आणि धातूचं बरंवाईट मी बघते. मी वृंदा. माझ्या तोंडाला लागू नये असं फौंड्रीत सगळे म्हणतात, आणि ते बरोबर आहे.

मोडलेले दोन तुकडे घेऊन मी मायक्रोस्कोपपाशी बसले. थकून मोडलेल्या धातूचं तोंड वाचता येतं. शिंपल्यावर असतात तशा बारीक वळणदार रेघा त्यावर उमटलेल्या असतात, आणि त्या उलट्या धरून मागे मागे गेलं की तडा जिथे सुरू झाला ती जागा सापडते. मी शोधत होते पोकळी. आमच्या धंद्यात गुन्हेगार नेहमी पोकळीच असते.

ॲल्युमिनियम वितळलं की हवेतल्या ओलाव्यातून हायड्रोजन पिऊन घेतं. पातळ असेपर्यंत तो वायू त्याच्या पोटात राहतो. घट्ट व्हायला लागलं की राहत नाही, बाहेर पडायला धडपडतो, पण तोवर वरचा थर गोठलेला असतो. मग आंबोळीला पडते तशी आत जाळी पडते. आंबोळीची दिसते तरी, ही दिसत नाही. असं कास्टिंग, म्हणजे ओतलेला नग, एका ओढीने तुटत नाही. पण तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते ना, तसं ते रोजच्या हिसक्यांनी थकतं. थकव्याची सुरुवात होते सगळ्यात मोठ्या पोकळीपासून. तिच्या कडेला ताण साचतो, केसाएवढा तडा पडतो, आणि तो हळूहळू चालत राहतो.

हे सगळं आम्ही मागे टाकलं होतं. आमच्याकडे आता गाणारी भट्टी आहे. नाव पोरांनी दिलंय. खरं तर तिचं गाणं कुणालाच ऐकू येत नाही, इतक्या बारीक कंपनांचा आवाज वितळलेल्या धातूत सोडतात. त्याने विरघळलेला वायू बुडबुड्यांत गोळा होतो, बुडबुडे वर येतात आणि निर्वात पंप त्यांना ओढून घेतो. मग धातू साच्यात दाबाखाली गोठवायचा, म्हणजे आकसताना पडणाऱ्या फटीही मिटतात. या भट्टीसाठी मी नवऱ्याशी, बँकेशी, सगळ्या जगाशी भांडले होते. भट्टीतून निघालेलं कास्टिंग क्ष-किरणांखाली धरलं की आत काही म्हणजे काही दिसत नाही.

धातू इतका टिकतो म्हटल्यावर डिझाइनवाल्यांनी आर्म बारीक केला. यंत्र हलकं झालं, म्हणून पेशंटबरोबर घरचं एक माणूस नेता येऊ लागलं. सगळ्यांनी पेढे खाल्ले. एक अट मात्र होती, आणि ती मीच घालायला लावली होती. आर्मवर काही खोदायचं नाही, ठोकायचं नाही, नंबरसुद्धा शाईने. आत पोकळ्या होत्या तोवर वरच्या ओरखड्याला कुणी विचारत नव्हतं, कारण आत त्याच्याहून मोठी खोट बसलेली असायची. आता आत खोटच नाही. मग थकवा वर जागा शोधतो, आणि लहानशी सापडली तरी त्याला पुरते.

रेघा मागे मागे नेत मी कडेला पोचले. पोकळी नव्हती. आर्मच्या बुंध्याशी, रिगच्या क्लॅम्पखाली झाकला जाणारा भाग होता तिथे, नखाएवढ्या जागेत एक खोलगट रेघ होती. दुसरा तुकडा मी तिला जोडून धरला. रेघ पूर्ण झाली, आणि समोर ठसठशीत श्री.

मी उठले तेव्हा खुर्ची मागे पडली.

अण्णा, म्हणजे माझे सासरे, ऑफिसात पेपर वाचत होते. वय झालंय, पण रोज येतात. माझ्या मुलीसकट सगळं घर त्यांना अण्णाच म्हणतं. फौंड्री सुरू झाली तेव्हापासून त्यांची एक रीत होती. नव्या साच्यातून निघालेल्या पहिल्या नगावर पोलादी पंच ठेवायचा, हातोडीचा एकच घाव घालायचा आणि श्री उमटवायचा. पंपाची बॉडी असो नाहीतर ट्रॅक्टरचं हाउसिंग, पहिल्या नगावर श्री. गाणारी भट्टी आली तेव्हा मी त्यांना म्हटलं होतं, अण्णा, आता हे बंद. ते बरं म्हणाले होते. सासऱ्यांचं बरं म्हणजे काय ते सुनांना विचारावं.

मी तुकडा त्यांच्यासमोर ठेवला. "हे काय आहे?"

त्यांनी चष्मा सारखा केला. "मोडला व्हय?"

"श्रीपासून मोडलाय. अण्णा, किती नगांवर मारलाय?"

"पहिल्या नगावर. तू एक्स-रे करून दिलास, मग मारला. तुला तपासायला अडचण नको म्हणून."

"आणि?"

त्यांनी पेपरची घडी घातली. बाहेर ग्राइंडर चालू होता. 

"अण्णा, आणि कुठल्या नगावर?"

"अजून एका," ते म्हणाले. "पॅकिंगला गेलो होतो. पेटीवर यंत्राचा नंबर होता. सानिकानं सांगितलेला मला, तिला मिळणार त्या यंत्राचा. म्हटलं, पोर रोज आभाळात जाणार. मारला एक."

सानिका माझी मुलगी. रुग्णवाहिकेवर नर्स आहे. यंत्र आपलंआपण उडतं, आत पेशंटजवळ ही एकटी असते.

रिगवरचा नमुना किती हिसक्यांनी मोडला ते मला माहीत होतं, आणि सानिकाचं यंत्र रोज किती वेळा चढतं-उतरतं तेही. मी हिशेब केला नाही. करायची गरजच नव्हती.

फोन लावला तर तिने लगेच उचलला. मागे वाऱ्याची घरघर होती. "आई, पेशंट आहे. पटकन बोल."

"कुठे आहेस?"

"चंदगडकडून निघालोय. बाळंतीण आहे, रक्त थांबत नाहीये. नवरा पण आहे बरोबर, बाळ घरीच ठेवलंय. काय झालं?"

माझ्या जिभेवर एकच शब्द होता, उतर. असेल तिथे उतर, शेतात, माळावर, कुठंही. आईच्या तोंडात दुसरं काय येणार? पण तो शब्द मी गिळला, कारण मला एक गोष्ट ठाऊक होती. त्या यंत्राला लहानसे पंखही आहेत. एकदा वेग घेतला की वजन पंखांवर जातं आणि आर्म विसावा घेतात. आर्मचे हाल होतात ते चढताना आणि उतरताना, जेव्हा सगळं ओझं पंखे उचलून धरतात. म्हणजे वर होती तोवर पोर सुखरूप होती. मोडलाच तर तो उतरताना मोडणार होता. आणि मोडलेला आर्म नुसता पडत नाही, फिरता पंखा घेऊन शेजारच्या पंख्यात घुसतो.

"सानिका, तुझ्या यंत्राच्या एका आर्मवर श्री आहे. अण्णांनी मारलाय. तू पाहिलायस कधी?"

"पाहिलाय म्हणजे? रोज चढताना हात लावून पाया पडते की त्याच्या. दाराजवळचा, डावीकडचा मधला. तुला माहीत नव्हतं?"

सहांतला कुठला ते अण्णांना सांगता आलं नसतं, मला आलं नसतं, कागदावरही नव्हतं. हिच्या बोटाला माहीत होतं.

"तिथून दिसतो का?"

"दिसतो, खिडकीतून खालच्या बाजूला. मागच्या दसऱ्याला मी त्यावर कुंकू पण लावलेलं. वाऱ्यानं उडतं म्हणून खोबरेल तेलात कालवून लावते, अधूनमधून परत लावते. का गं?"

तेलात कालवून. कास्टिंगला तडा आहे का ते बघायला आम्ही लाल रंगाचं पातळ तेल फासतो, वरचं पुसून घेतो. तडा असेल तर तेल त्यात शिरून बसतं आणि लाल रेघ दिसते. दुसरं काही करावं लागत नाही.

"बाळा, नीट बघ. श्रीच्या आजूबाजूला लाल काही आहे?"

ती सरकल्याचा आवाज आला. पेशंटला काहीतरी धीराचं बोलली. मग म्हणाली, "एक रेघ आहे. मला वाटलेलं, कुंकू ओघळलंय."

"खाली गेलीय का वर?"

ती पुन्हा खिडकीशी वाकली असावी, आवाज लांबून आला.

"वर," सानिका म्हणाली. "आई, कुंकू वर कसं ओघळेल?"

"केवढी आहे?"

"माझ्या बोटाच्या पेराएवढी. मागच्या आठवड्यात नुसता ठिपका होता."

मी तिला सगळं सांगितलं. लपवायला ती काही लहान नाही, आणि लपवलेलं तिला माझ्या आवाजातून कळलंच असतं. तिने सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "मग काय करायचं ते ठरव लवकर. मला इकडे दोन्ही हात लागतायत." आणि फोन तसाच चालू ठेवून कामाला लागली.

दुसऱ्या फोनवरून मी नियंत्रण कक्ष गाठला. ड्यूटीवर तेंडोलकर नावाचे अधिकारी होते. 

"मॅडम, आमच्या पडद्यावर सगळं हिरवं आहे," ते म्हणाले. "आर्मवर आवाज टिपणारे सेन्सर आहेत. तडा असता तर ऐकू आलं असतं."

"ते सेन्सर जुन्या धातूवर शिकलेत. तो पोकळ्यांचा होता, मोडायच्या आधी दहा ठिकाणी कुरकुरायचा. हा एकाच जागी तडकतो आणि आवाज करत नाही."

"मग मी यंत्र आत्ताच्या आत्ता उतरवतो. नियमच आहे. खाली मोकळी जागा मिळाली की—"

"उतरवू नका."

"काय?"

"उतरवू नका म्हणतेय. उतरतानाच मोडेल."

"मॅडम, भाग तडकलाय असं तुम्हीच म्हणताय, उतरवू नका असंही तुम्हीच म्हणताय. मी नेमकं ऐकायचं कुणाचं?"

"माझंच. डावीकडचा मधला पंखा बंद करा. पाच पंख्यांवर उतरायची सोय आहे ना यंत्रात?"

"आहे. पंखा आपोआप बंद पडला तर. चालता पंखा मी माझ्या हाताने बंद करायचा तर मला निर्मात्याचं निवेदन लागेल, की भाग सदोष आहे. आणि ते एकदा नोंदलं की तुमच्या फौंड्रीचे आर्म असलेलं एकेक यंत्र जमिनीवर येईल. तुमची मान्यता जाईल. मालकांशी बोलून घ्या."

मालक, म्हणजे माझा नवरा, कोइमतूरला गिऱ्हाइकासमोर बसला होता. त्याला मी विचारलं असतं तर त्याने सगळ्यात आधी विचारलं असतं, खात्री आहे का तुझी? 

"नोंदवा," मी म्हटलं. "माझं नाव घाला. भाग सदोष आहे, कारखान्यात ठोकलेल्या खुणेमुळे."

"पाच पंख्यांवर, तीन माणसांचं वजन," तेंडोलकरांचा आवाज बदलला होता. "उतरता येईल, पुन्हा वर उचलता येणार नाही. एकच संधी. आणि बाकीच्या पाच आर्मवर जास्तीचा भार पडणार. ते सोसतील?"

बाकीचे पाचही आमचेच. ज्या धातूसाठी जगाशी भांडले त्याच्यावर माझीच मुलगी ठेवायची होती. धातूची मला खात्री होती. मी फोनवर हात ठेवला आणि वळले.

"अण्णा, नक्की एकच? घाबरून बोलू नका. दुसऱ्या कुठल्या आर्मवर मारला असेल तर आत्ता सांगा, मी काही बोलणार नाही."

अण्णा भिंतीला टेकून उभे होते. आधीच बारीक माणूस, आणखी बारीक झाल्यासारखा. "एकच," ते म्हणाले. "खोटं बोलायचं असतं तर मघाशीच बोललो असतो, पोरी."

सासऱ्याच्या शब्दावर इतका विश्वास मी जन्मात कधी ठेवला नव्हता. फोनवरचा हात काढला आणि म्हटलं, "सोसतील."

त्यानंतर करण्यासारखं काही उरलं नाही, आणि ते सगळ्यात वाईट. सानिकाचा फोन मी टेबलावर स्पीकरवर ठेवला. ती पेशंटशी बोलत होती. बघा माझ्याकडे, डोळे मिटू नका, बाळ कुणासारखं दिसतंय सांगा. मधे नवऱ्याचं रडणं. अण्णा खुर्चीच्या पाठीला घट्ट धरून होते, देवाचं नाव घेत नव्हते. ते मला जाणवलं. एरवी उठता-बसता घेतात.

"कोल्हापूर दिसतंय," सानिका म्हणाली. मग पंख्यांचा सूर चढला, आणि चढताना तो वेडावाकडा झाला. एका बाजूचा मधला थांबला होता. यंत्र झुकलं असावं, कारण आतलं काहीतरी घरंगळत गेलं आणि तो नवरा ओरडला.

"काही नाही, काही नाही, असंच असतं," सानिका त्याला म्हणाली. मग हळू आवाजात, फक्त माझ्यासाठी, "आई, रेघ बघतेय मी. तेवढीच आहे."

"तिच्याकडे बघू नकोस, पेशंटकडे बघ."

"दोन्हीकडे बघतेय."

अण्णा पुढे आले, फोनवर वाकले. "सानिका, मी मारला गं तो. माझ्यामुळं."

"अण्णा, नंतर," ती म्हणाली. "आत्ता बोलू नका."

सूर खाली खाली येत गेला. मला हॉस्पिटलचं मैदान डोळ्यांसमोर दिसत होतं, आणि आर्म, आणि त्याच्या बुंध्याची ती लाल रेघ. मग एक दणका बसला. इतका मोठा की मी डोळे मिटून घेतले. पंखे थांबत गेले. दार उघडल्याचा आवाज, माणसांची पळापळ, स्ट्रेचरची चाकं. मी सानिका, सानिका म्हणत राहिले.

"ऐकतेय," ती म्हणाली शेवटी. "बाईला आत नेलं. मी इथेच मैदानात बसलेय." आणि रडायला लागली. मग मीही रडले. अण्णांनी मात्र खिशातून पंच काढून टेबलावर ठेवला आणि ते बाहेर निघून गेले.

बाई वाचली. आर्म काढून माझ्याकडे आला तेव्हा मी तो पकडीत धरून हाताने वाकवला, पूर्ण ताकद न लावताच मोडला. आत तडा पेरापेक्षा कितीतरी पुढे गेला होता. सानिकाला हे मी सांगितलं नाही, तिने विचारलंही नाही.

मान्यता गेली. नवरा कोइमतूरहून आला तो महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलला, आणि एक दिवस जेवताना म्हणाला, बरं केलंस. यंत्रं जमिनीवर राहिली त्या दिवसांत डोंगरातले पेशंट रस्त्याने आले, आणि सगळे वेळेत पोचले नाहीत. ते माझ्या मनातून जात नाही. तपासणीवाल्यांनी प्रत्येक आर्म बोटांनी चाचपून पाहिला. श्री दुसऱ्या कुठल्याही आर्मवर नव्हता. अण्णा खरं बोलले होते.

मान्यता परत मिळून पुन्हा ओतकाम सुरू झालं त्या दिवशी अण्णा पंच घेऊन भट्टीपाशी आले. वितळलेल्या धातूत टाकून देतो म्हणाले.

"पोलाद आहे ते," मी म्हटलं. "लोखंड उतरलं तर सगळा घाणा बिघडेल. आता एवढं तरी करू नका."

ते उभेच राहिले. मला राग होता अजून, खोटं कशाला बोलू. पण तो हात पुढे करून उभा राहिलेला म्हातारा बघवेना. मी त्यांना साच्याजवळ नेलं. प्रत्येक कास्टिंगला वर एक जास्तीचा गठ्ठा ठेवतात, रायझर म्हणतात त्याला. कास्टिंग आकसताना तो आपला धातू खाली पुरवतो. काम झालं की कापून टाकतात आणि पुन्हा भट्टीत घालतात.

"इथे मारा," मी म्हटलं.

पहिला नग गार झाल्यावर अण्णांनी रायझरवर श्री मारला, एकाच घावात. मग तो कापला गेला आणि पुढच्या घाण्यात वितळला. तेव्हापासून दर घाण्याला असंच चाललंय. 

सानिका पुन्हा उडते. मी थांबवून पाहिलं, थांबली नाही. परवा तिला सोडायला गेले होते तेव्हा पाहिलं, चढताना तिने दाराजवळच्या आर्मच्या बुंध्यावर हात ठेवला, डोळे मिटले आणि बोटं सावकाश फिरवली.

"आता तिथे काही नाहीये गं," मी म्हटलं.

"तेच बघते रोज," ती म्हणाली, आणि आत जाऊन दार लावून घेतलं.